मालकिणीचा पगार

बायकांच्या लहान धंद्यांच्या वह्या लिहिणं हे माझं काम. सांगलीत आणि आसपासच्या गावांत पार्लर, शिवणकाम, पोळी-भाजी केंद्र, भडंग, शेवया-पापड, शिकवण्या, एखादं मशिनिंगचं वर्कशॉप, असा पसारा माझ्या टेबलावर येत असतो. काही वह्या नेटक्या, काही कुठल्या तरी पतसंस्थेनं फुकट दिलेल्या डायरीत, काही म्हणजे नुसते व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेले आकडे. एक गोष्ट जवळजवळ सगळीकडे सारखी. खर्चाच्या बाजूला डाळ असते, तेल असतं, सिलिंडर असतो, पाकिटं, लेबलं, रिक्षाभाडं, मदतीला येणाऱ्या मावशींची मजुरी, अगदी गणपतीची वर्गणीसुद्धा असते. जी बाई हा गाडा ओढते, तिचा पगार नसतो.

यावरून या बायका हिशोबात कच्च्या आहेत असं कोणी समजू नये. हरभरा डाळीचा मार्केट यार्डातला भाव आणि कोपऱ्यावरच्या दुकानातला भाव त्यांना तोंडपाठ असतो. कुठल्या गिऱ्हाइकाचे पैसे दहा तारखेच्या आत येत नाहीत आणि कुठलं गिऱ्हाईक पैसे देताना हमखास दहाची नोट कमी देतं, हेही. पण ‘तुमचं काय लिहायचं?’ असं विचारलं की हसतात. ‘माझं काय लिहिताय मॅडम, मी घरातलीच की.’

दिवाळीच्या तोंडावर एका बाईंबरोबर बसून मी चकलीचा हिशोब मांडला होता. दिवसाला आठ किलो चकली. भाजणी, तेल, गॅस, पाकीट धरून किलोला २६० रुपये खर्च, विकायची ४२० ला. किलोमागे १६० सुटतात, आठ किलोचे झाले १२८०. मदतीच्या मावशी सहा तास थांबतात, त्यांना ४५०. उरले ८३०. ‘बघा, दिवसाला आठशे तीस!’ बाई खुशीत होत्या. मग आम्ही तास मोजले. धान्यं भाजून दळून आणणं, उकड काढणं, मळणं, सोऱ्या फिरवणं, तळणं, गार करून भरणं, मधल्या वेळेत फोनवर पत्ते लिहून घेणं, संध्याकाळी स्कूटीवरून पिशव्या पोचवणं. बारा तास. म्हणजे तासाला ६९ रुपये. मावशींना तासाला ७५ पडत होते. शिवाय घाणा बिघडला, चकली मऊ पडली, तर नुकसान मावशींचं नव्हे. भांडवल बाईंचं, जोखीम बाईंची, आणि त्या आवारातली सगळ्यात स्वस्त मजूरही त्याच.

कागदाकडे बघून त्या म्हणाल्या, ‘मावशींना सांगू नका हं.’

हा हिशोब काही मी शोधून काढलेला नाही. आपल्याकडे ज्वारी, तूर, सोयाबीन यांच्या उत्पादन खर्चाची मोजणी सरकारी पातळीवर होते. कृषी मूल्य आयोग खर्चाचे थर पाडतो. बी-बियाणं, खत, मजुरी असा रोख खर्च तो ए-टू. त्यात घरच्या माणसांनी केलेल्या बिनपगारी कामाची किंमत धरली की होतो ए-टू प्लस एफएल. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात किमान आधारभूत किंमत खर्चाच्या निदान दीडपट देण्याचं जाहीर झालं, तेव्हा त्या खर्चात घरच्यांचे श्रम धरलेले आहेत. म्हणजे शेतात खुरपणाऱ्या घरच्या बाईची मजुरी निदान कागदावर तरी दिल्लीत कोणीतरी मांडतं. संध्याकाळी तीच बाई घरी येऊन विकायला पापड लाटते, तेव्हा स्वतःच्या वहीत स्वतःची मजुरी मांडत नाही.

ज्या मुलखात मी राहते तिथल्या लोकांना तर हे नवं वाटायला नको. उत्पादन खर्चावर आधारित रास्त भाव, ही शेतकरी संघटनेची मागणी १९८० च्या चाकणच्या कांदा आंदोलनापासून गावोगाव घुमत होती. १९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं. पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला: घरच्या लक्ष्मीच्या राबण्याचं देणं फेडायचं, तर जमिनीचा तुकडा तिच्या नावावर करा. बऱ्याच गावांत शेतकऱ्यांनी खरोखर तशा नोंदी केल्या. सातबाऱ्यावर बायकोचं नाव चढवणं ही आजही सहज होणारी गोष्ट नाही, तेव्हा तर नव्हतीच. रास्त भाव मागणारा शेतकरी घरातही कोणाचं तरी देणं लागतो, हे एका चळवळीनं मोठ्यानं बोलून दाखवलं, एवढं तरी मान्य करायला हवं.

तर प्रश्न हिशोब येण्या-न येण्याचा नाही. मग रकाना रिकामा का राहतो?

अलीकडे उद्योजिका मेळाव्यांत ‘आतून जुळलेलं असणं’ यावर फार बोललं जातं. दीपप्रज्वलन होतं, पुष्पगुच्छ होतात, मग हेडसेट लावलेल्या एखाद्या वक्त्या डोळे मिटायला सांगतात. स्वतःवर विश्वास ठेवा, तुमच्या ऊर्जेला ओळखा. मीही मिटते, एसी हॉल असतो, बरं वाटतं. पण बाहेर आल्यावर चहाच्या टेबलापाशी ज्या गप्पा होतात त्यात खरा विषय निघतो. ‘सासूबाईंना सांगितलंय की वेळ जात नाही म्हणून करते.’ ‘ह्यांना वाटतं मी शोरूमचं भाडंसुद्धा काढत नाही, वाटू दे बाई, उगीच कशाला.’ ‘जाऊबाईंना आकडा कळला तर संपलंच.’

इथे माझ्या मते गाठ आहे. ‘तुम्ही काय करता?’ या एकाच प्रश्नाला ही बाई चार ठिकाणी चार उत्तरं देते. घरात सांगते, विरंगुळा. गिऱ्हाइकाला सांगते, घरगुती आहे हो, म्हणून तर स्वस्त. बँकेच्या साहेबांसमोर सांगते, माझा व्यवसाय. आणि रात्री सगळे झोपल्यावर मोबाइलच्या उजेडात पुढच्या आठवड्याच्या ऑर्डरी लावत बसते, तेव्हा स्वतःशी जे म्हणते ते चौथंच. खोटारडेपणा म्हणून हे ती करत नाही. घरातली शांतता राखायची तिला सापडलेली ती वाट असते, आणि कैक वर्षं ती वाट चालतेही. पण या उत्तरांची किंमत धंद्यात कुठेतरी वसूल होतेच. विरंगुळा म्हटलं की भाव वाढवता येत नाही, कारण छंदाचे कोणी पैसे मागतं का? घरगुती म्हटलं की नणंदेच्या घरच्या बारशाचे चार किलो लाडू फुकट जातात. व्यवसाय म्हणून कर्ज काढलेलं असतं, त्याचा हप्ता मात्र कोणाच्याच सोयीनं थांबत नाही. बाहेरून हे सगळं आत्मविश्वासाची कमी म्हणून दिसतं. माझ्या टेबलावरून ते किमतीतली चूक म्हणून दिसतं.

आतलं आणि बाहेरचं जुळणं याचा अर्थ मी एवढाच घेते: चारही ठिकाणी एकच उत्तर देता येणं. त्यासाठी आधी स्वतःला एक उत्तर द्यावं लागतं.

मोठ्या गादीवर बसलेल्या बाईचंही याहून फार वेगळं नसतं. पुण्याच्या थरमॅक्सच्या अनु आगांची गोष्ट पुष्कळांना माहीत आहे, पण ती बहुधा ‘संकटांवर मात’ या मथळ्याखाली सांगितली जाते आणि तिथेच तिचा खरा कस निघून जातो. अनु आगा शिकलेल्या समाजकार्य, मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत. बॉयलर आणि उष्णतेची यंत्रं बनवणारी ही कंपनी त्यांच्या वडिलांनी सुरू केलेली, पती रोहिंटन यांनी मोठी केलेली. त्या स्वतः १९८५ मध्ये मनुष्यबळ विभागात आल्या, पुढे त्या विभागाच्या प्रमुख झाल्या. १९९६ मध्ये रोहिंटन हृदयविकारानं अचानक गेले आणि अगदी थोड्या दिवसांत कंपनीचं अध्यक्षपद अनु आगांकडे आलं. पुढच्याच वर्षी तरुण मुलगा, कुरुश, अपघातात गेला.

त्या काळात आपल्याला विपश्यनेचा आधार झाला, आणि रोहिंटनसारखं होण्याचा प्रयत्न सोडून द्यावा लागेल हे उमगलं, असं त्यांनी पुढे मुलाखतींतून सांगितलं आहे. मेळाव्यांतले वक्ते गोष्ट इथे थांबवतात. बाईला आतला आवाज ऐकू आला, टाळ्या. पण यानंतरची काही वर्षं कंपनी घसरतच होती. अर्थव्यवस्था मंदावलेली, कारखाने नवी यंत्रं घेत नव्हते, थरमॅक्सनं नाना उद्योगांत हात घातलेले. शेअर ४०० रुपयांवरून ३६ पर्यंत उतरला. त्या स्वतःची समजूत घालत होत्या की शेअरचा भाव म्हणजे काही कंपनीची खरी किंमत नव्हे. मग एका भागधारकाचं निनावी पत्र आलं. तुमच्याकडे पैसा असेल, तुम्हाला फरक पडत नसेल, पण तुम्ही आम्हाला तोंडघशी पाडलंत, अशा आशयाचं. त्या पत्रानं झोप उडाली, असं त्या सांगतात.

मला या गोष्टीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे पत्र. विपश्यनेनं मन शांत झालं असेल, दुःख सोसायचं बळ आलं असेल, त्याबद्दल मी कोण बोलणार. पण ‘भावाचं काय एवढं’ ही जी समजूत मनात बसली होती, ती शांत बसून निघाली नाही. ती बाहेरून आलेल्या एका कडू चिठ्ठीनं निघाली. त्यानंतर त्यांनी सल्लागार नेमले, संचालक मंडळ नव्यानं बांधलं, मूळ व्यवसायाशी न जुळणारे उद्योग बाजूला काढले, मालकी आणि रोजचा कारभार यांत अंतर आणलं. माणसांना जपणारी म्हणून ओळखली जाणारी बाई, तिला हे निर्णय सोपे गेले नसणार. कंपनी पुन्हा नफ्यात आली आणि २००४ मध्ये मुलीकडे, मेहेर पदमजींकडे, अध्यक्षपद देऊन त्या बाजूला झाल्या. किती लोकांना असं बाजूला होता येतं ते आपण आजूबाजूला पाहतोच.

म्हणून मला आतल्या आवाजाचं कौतुक थोडं जपूनच वाटतं. आतला आवाज पुष्कळदा आपल्याला सोयीचं तेच बोलतो. त्याच्यासमोर वही उघडून ठेवली तर तो नीट बोलायला लागतो.

लिज्जत पापडाची सुरुवात सगळे ऐंशी रुपयांपासून सांगतात. १५ मार्च १९५९, गिरगावातल्या लोहाणा निवासची गच्ची, सात गुजराती बायका, उसने ८० रुपये, पहिल्या दिवशी चार पाकिटं. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टो आणला; खाटेवर पापड, खाली स्टो. हे मला ऐंशी रुपयांपेक्षा जास्त आवडतं. पैसे उसने देणारे छगनबाप्पा पारेख यांनी त्यांना दोन गोष्टी बजावल्या होत्या: दर्जा सोडायचा नाही आणि हिशोब चोख ठेवायचा, हा धंदा म्हणून चालवायचा. तोटा झाला तरी देणगी घ्यायची नाही, हे बायकांनीच सुरुवातीला ठरवून टाकलं. आणि वणाई, म्हणजे लाटणावळ. पीठ घरी न्यायचं, लाटून पापड आणून द्यायचे, वजन व्हायचं आणि लाटण्याची मजुरी तिथल्या तिथे हातात. नफ्याची वाटणी नंतरची गोष्ट. प्रत्येक भगिनी मालकीण, पण मालकीण आहे म्हणून तिची आजची मजुरी बुडत नाही. साधी व्यवस्था वाटते, पण माझ्याकडच्या नव्वद टक्के वह्यांत नेमकी हीच नाही. (नव्वद हा माझा अंदाज. मोजायला बसले तर जास्तच भरतील.)

त्याच गिरगावाच्या थोडं पलीकडे, लालबाग-परळला, गिरणगावातल्या खाणावळवाल्यांची कहाणी बरोबर उलटी. कोकणातून, साताऱ्या-सांगलीकडून आलेले गिरणी कामगार बायकापोरं गावी ठेवून चाळीतल्या खोल्यांत राहायचे आणि एखाद्या बाईकडे महिनेवारी जेवायचे. पैसे पगार झाल्यावर. तोवर वाण्याचं सामान उधारीवर, तेही चढ्या भावानं, वर सावकाराचं व्याज. वीस-वीस माणसांचं दोन्ही वेळचं रांधून महिन्याअखेरीस त्या बाईकडे काय उरायचं? तिच्यावाचून गिरणीचा भोंगा वाजून उपयोग नव्हता, पण तिला कोणी कामगार म्हणत नव्हतं, धंदेवाली तर नाहीच. ‘दोन माणसं जेवायला आहेत’, एवढंच. गोवा मुक्तिसंग्रामातून आणि कामगार चळवळीतून आलेल्या प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये होऊन गेलं होतं. त्या जोरावर या बायकांसाठी सरकारी बँकेचं कर्ज मिळवलं आणि सावकाराच्या व्याजाला पर्याय आला. मला वाटतं, कर्जाच्या अर्जावर जेव्हा त्या बायकांना आपला व्यवसाय लिहावा लागला असेल, तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या चार उत्तरांचं एक उत्तर झालं असेल. हा माझा तर्क आहे, पण बँकेचा अर्ज भरताना गडबडलेल्या इतक्या बायका मी पाहिल्या आहेत की तर्क अगदीच वाऱ्यावरचा नाही.

आमच्या शेजारच्या माण तालुक्यात म्हसवडला तर बायकांनी बँकच काढली. चेतना सिन्हांच्या पुढाकारानं. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज परत केला, कारण प्रवर्तक सभासद बायका निरक्षर. चेतनाताई निराश होऊन आल्या, बायका म्हणाल्या, मग शिकू की, त्यात काय. वर्ग सुरू झाले. काही महिन्यांनी त्या पुन्हा गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, आम्हाला अमुक रकमेचं व्याज विचारा, आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा. बघू कोण आधी सांगतं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. ही गोष्ट मी माझ्याकडे येणाऱ्या बायकांना वारंवार सांगते, थोडं तिखटमीठ लावून. त्या बायकांना स्वतःला काय येतं हे पक्कं माहीत होतं. कागदावरचं जे येत नव्हतं तेवढं त्यांनी शिकून घेतलं.

कागद म्हणजे मात्र वेगळंच प्रकरण. धंदा तिचा, पण फर्म नवऱ्याच्या नावावर, कारण दुकानगाळा त्याच्या नावावर. किंवा उलट: फर्म तिच्या नावावर, कारण महिला उद्योजिकेला सवलतीचं कर्ज, आणि तिला फर्मचं नाव नीट सांगता येत नाही. पोर्टलवर अर्ज भरायला बसलो की ओटीपी येतो तो ह्यांच्या मोबाइलवर, आणि हे असतात कामावर. मी फोन करते, ते सांगतात, आम्ही पुढे जातो. दर वेळी मला वाटतं की धंद्याची किल्ली कोणाच्या खिशात आहे ते या सहा आकड्यांवरून कळतं. गेल्या काही वर्षांत मी एक नियमच केला आहे: नोंदणीच्या आधी बाईचं स्वतःचं सिमकार्ड आधारला जोडून आण. नवरे यावर फार चिडत नाहीत, हेही सांगायला हवं. बहुतेकांना तेवढीच कटकट कमी.

गावाच्या राजकारणात हेच दृश्य मोठ्या पडद्यावर दिसतं. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं पंचायतींत एक तृतीयांश जागा बायकांना दिल्या, महाराष्ट्रानं २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. सरपंचबाईंच्या खुर्चीशेजारी सरपंचपतींची खुर्चीही लागली. शहरी लोक यावर हसतात, पण २०१३ च्या कंपनी कायद्यानं शेअर बाजारात सूचीबद्ध कंपन्यांच्या मंडळावर निदान एक स्त्री संचालक हवी म्हटलं, तेव्हा मुंबईतल्या कितीतरी कंपन्यांनी शोधाशोध न करता मालकाची बायको, बहीण, सून यांचीच नावं घातली होती. पुढे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीला मोठ्या कंपन्यांसाठी स्वतंत्र स्त्री संचालकाची अट घालावी लागली. सही करणारी आणि ठरवणारी वेगळी, हा प्रकार काचेच्या इमारतीत पोचला की त्याला सरपंचपती म्हणत नाहीत, एवढंच.

यातल्या काही सरपंचबाई दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी स्वतः बोलायला लागतात हे मी पाहिलं आहे. कशानं, ते सांगायला गेले तर फार काही थोर निघत नाही. एकीनं मला सांगितलं की ग्रामसेवकानं एका बिलावर सही मागितली, तिनं सवयीनं आकडा वाचला आणि पाण्याच्या टाकीला इतका रंग लागतच नाही हे तिच्या लक्षात आलं, कारण नुकतंच तिनं घर रंगवून घेतलं होतं. त्या दिवसापासून बिलं आधी तिच्याकडे.

आयकराचा एक नियम मला नेहमी बोचतो. नवऱ्याचा ज्या धंद्यात मोठा वाटा आहे, तिथून बायकोला पगार दिला, तर तो पगार नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवला जातो. अपवाद, तिच्याकडे त्या कामाची तांत्रिक वा व्यावसायिक पात्रता असेल आणि पगार निव्वळ त्या ज्ञान-अनुभवाच्या जोरावरच असेल तर. नियम उलट्या बाजूनंही तसाच लागतो, आणि कर चुकवायला बायकोच्या नावावर पगार दाखवणारे भरपूर आहेत म्हणूनच तो आला, हे मला माहीत आहे. तरी वीस वर्षं नवऱ्याच्या हार्डवेअरच्या दुकानात गल्ला, माल, उधारी सांभाळणाऱ्या बाईला समजावताना माझी जीभ जड होते. पात्रता दाखवायला कागद नाही, म्हणून तिचा पगार हा तिचा पगार नाही. वीस वर्षांत ती जे शिकली त्याचा दाखला आणायचा कुठून?

आता चकलीवाल्या बाईंचं. त्यांनी स्वतःचा रोज धरला, तासाला शंभर. भाव ४८० झाला. घरात सांगितलं की हा माझा धंदा आहे आणि सहा ते बारा मला हाक मारायची नाही. सासरे म्हणाले, ‘मग चहा कोण करणार?’ आणि मग त्यांनी स्वतःच करायला घेतला, अजून फार गोड करतात म्हणे. काही जुनी गिऱ्हाइकं गेली. आठाऐवजी दिवसाला सात किलो जातात, शेव आणि अनारसे बंद केले. हातात पूर्वीपेक्षा जास्त उरतं. हे झालं मेळाव्यात सांगण्याजोगं.

पण दुसऱ्या एक बाई आहेत, पोळी-भाजी केंद्रवाल्या. रोजच्या शंभर-सव्वाशे पोळ्या, दोन भाज्या, स्टेशनजवळच्या पोरांचे डबे. त्यांनीही बसून स्वतःचा पगार खर्चात लिहिला. मी सांगितल्यापेक्षा कमीच लिहिला. तरी तळाला आकडा उणे आला. आम्ही भाव वाढवून पाहिला, तर शेजारच्या दोन केंद्रांपुढे टिकेना. भाजी कमी-जास्त करून पाहिली, गॅसचं पाहिलं. महिनाभर त्या आकडे घेऊन येत होत्या. ‘मॅडम, मी गेली सहा वर्षं माझ्याच पगारातून लोकांना स्वस्तात जेवू घालतेय की,’ त्या म्हणाल्या. त्यांनी केंद्र बंद केलं आणि एका हॉस्टेलच्या मेसमध्ये मुख्य स्वयंपाकीण म्हणून लागल्या. पगार, पीएफ, आठवड्याची सुट्टी. हाताखाली चार माणसं. सामानाचा ठेकेदार वजनात मारतो हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात पकडलं, आणि आता मेसची मागणीवहीही त्याच लिहितात.

गेल्या मेळाव्याच्या आयोजकांना मी त्यांचं नाव सुचवलं होतं. ‘पण त्यांनी तर धंदा बंद केला ना?’ असं उत्तर आलं. पुढच्या वेळी पुन्हा सुचवणार आहे. त्या येतील की नाही ठाऊक नाही. रविवार त्यांचा सुट्टीचा असतो आणि तो त्या कोणाला देत नाहीत.